१८५० च्या आसपास जहाजात बसायचंच असेल तर कॅनडा की ऑस्ट्रेलिया?

समजा तुम्ही ब्रिटन नाहीतर आयर्लंडमधले शेतमजूर आहात, बायको, दोन पोरं, गावात काम नाही आणि शिडाच्या जहाजाने वसाहतीत जायचं ठरलंय. पहिल्या फटक्यात सगळे कॅनडाच म्हणतील, कारण क्वेबेकला साधारण सहा आठवड्यात पोचता येतं आणि ऑस्ट्रेलिया म्हणजे तीन-चार महिने नुसतं पाणी. मी एवढ्यात ठरवणार नाही.

आधी पैसे. क्वेबेकचं भाडं माणशी तीन ते पाच पौंड, स्वस्त का तर ही जहाजं मुळात तिकडून लाकूड आणायला चाललेली, रिकामं जाण्यापेक्षा माणसं भरली, खालच्या डेकवर फळ्या ठोकल्या की झाली झोपायची सोय. ऑस्ट्रेलियाचं तिकीट याच्या तिप्पट-चौपट, मजुराच्या आवाक्याबाहेर. पण तिकडच्या जमिनी विकून आलेल्या पैशातून सरकार निवडक लोकांचं भाडं भरायचं, आणि निवडक म्हणजे शेतमजूर, घरकाम करणाऱ्या अविवाहित मुली, असे लोक. वय झालेलं असेल किंवा लहान पोरांची रांग असेल तर अवघड. (त्याच काळात मुंबईहून करारावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या कोकणातल्या लोकांसमोर असली तुलना कोणी ठेवलीच नव्हती, तो वेगळा विषय.)

आता मुद्द्याचं, जिवंत पोचणार का? ऑस्ट्रेलियाच्या सरकारी जहाजावर एक सर्जन-सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रवाशांच्या तब्येतीची जबाबदारी असलेला डॉक्टर, असायचा आणि त्याचा मोबदला जिवंत उतरलेल्या माणसांच्या डोक्यांवर ठरायचा, मग तो का नाही रोज डेक घासून घेणार, अंथरुणं उन्हात टाकायला लावणार! एकटे पुरुष पुढे, कुटुंबं मध्ये, एकट्या मुली मागे आणि त्यांच्यावर मेट्रन, कटकट वाटेल पण शिस्त होती. कॅनडाच्या लाकूडवाल्या जहाजांवर असं कोणी नाही, रेशनही जेमतेम आणि बरंचसं स्वतःच शिजवायचं. १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली माणसं टायफस (उवांमधून पसरणारा जीवघेणा ताप) घेऊन चढली आणि क्वेबेकजवळच्या ग्रोस आयल बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांवर लोक पुरले गेले. म्हणजे जवळचा प्रवास जास्त महागात पडला.

पण ऑस्ट्रेलियाचं गुणगान एवढ्यावर थांबवतो. १८५१ ला व्हिक्टोरियात सोनं सापडलं, जहाजं कमी पडली, मग दोन-दोन डेकवर माणसं कोंबलेली मोठी जहाजं सोडली. १८५२ चं टिकॉन्डेरोगा घ्या, जवळपास ८०० प्रवासी, त्यातले शंभरेक वाटेतच गेले, डॉक्टर असूनही. एरवीसुद्धा गोवर वगैरे आला की मरायची ती लहान पोरंच, तान्ह्यांचं तर विचारूच नका. आगीची भीती दोन्हीकडे सारखीच.

म्हणून तान्हं मूल असेल तर मी कॅनडा म्हणेन, फक्त साथीचं वर्ष सोडून, आणि तिथून मन नाही रमलं तर जमिनीवरूनच अमेरिकेत सटकता येतं, खूप जण सटकलेही. पोरं जरा मोठी असतील आणि सरकारी यादीत नाव लागत असेल तर ऑस्ट्रेलिया, पण एकाच डेकवर प्रवासी असलेलं जहाज मिळेपर्यंत थांबायचं. मागे म्हातारी आई असेल तर तेवढं तिला आधीच सांगून ठेवा, पत्र टाकल्यावर उत्तर हातात यायला सात-आठ महिने धरायचे.