जळगावचं इन्क्युबेटर की धडगावचं आरोग्य केंद्र?

खान्देशात आरोग्यातल्या नव्या कल्पनांना घर द्यायचं, तर कुठे? एक पर्याय जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून इन्क्युबेटर, म्हणजे स्टार्टअपना जागा आणि मदत देणारं केंद्र. डॉक्टर, वीज, इंटरनेट, अभियांत्रिकीची पोरं, सगळं हाताशी. पण तिथे बनलेलं उपकरण बहुधा जळगावातच चालेल.

दुसरा, नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांभोवती विणलेलं जाळं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंच घ्या. गावात सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी होते, पण ती वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना पाठवावा लागतो. अडचण यंत्राची कमी, नमुना सातपुड्याचा घाट उतरण्याची आणि अहवाल पाड्यावर परत पोहोचण्याची जास्त. हे आशाताईला ठाऊक असतं, स्टार्टअपवाल्याला नसतं. नर्मदाकाठचा तरंगता दवाखाना अशाच निकडीतून आला. (रस्ता नाही, तर नदीच रस्ता!)

मात्र इथे वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली झाली की प्रयोग कोलमडतो; पैशाचं तर बोलायलाच नको. तरी माझा कौल धडगावला. जळगावने चाचण्या आणि प्रमाणीकरण सांभाळावं, आणि निधी वाटपाच्या बैठकीत आशाताईला भत्त्यासकट खुर्ची द्यावी.