तापोळ्याची बोट: फेरी घ्यायचीच तर संगमापर्यंतची घ्या

महाबळेश्वरहून घाट उतरून कोयना धरणाच्या जलाशयाकाठी, तापोळ्याला येणारे बहुतेक पाहुणे एकच करतात. धक्क्यावर गाडी लावतात, जवळची छोटी फेरी मारतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परत वर जातात. त्या फेरीत वाईट काही नाही. पण तेवढ्यात तुम्हाला फक्त पाणी दिसतं, गाव दिसत नाही. म्हणून माझं सांगणं, त्रिवेणी संगमापर्यंतची, दत्तमंदिराची मोठी फेरी घ्या. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचं पाणी तिथे एकत्र येतं.

भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. त्यामुळे दोघांनाच परवडत नाही, सहा-सात जण जमले की अंगावर येत नाही. निघण्याआधी फेरी कुठवरची आणि मंदिरापाशी थांबायला वेळ किती, हे नावाड्याशी स्पष्ट बोलून घ्या.

आमच्या बोटीवर साठीच्या घरातले एक तात्या होते. धक्का सोडला आणि त्यांनी इंजिन मुद्दाम मंद ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, हितं खाली बांध हायती. पाणी उतरलं की पंखा घासतो." कडेला वाकून पाहिलं तर हिरवट पाण्यात हातभर खाली दगडांची सरळ रांग दिसली, भातखाचराचा जुना बांध. मला त्या फेरीतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं.

कोयना महाबळेश्वरात उगम पावते, डोंगररांगेला धरून दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकजवळ साठच्या दशकात धरण झालं. 105 टीएमसीचा, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचा, हा शिवसागर जलाशय थेट इथवर मागे पसरला. खोऱ्याच्या तळाशी भाताची चांगली जमीन होती, तीच पाण्याखाली गेली. कितीतरी कुटुंबं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे उठून गेली. जी राहिली ती वर सरकली, उतारावर नाचणी आणि वरी पिकवून जगू लागली. इथे अडवलेलं पाणी बोगद्यांतून पोफळीला जाऊन वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे उतरतं.

पलीकडच्या काठाला अकल्पे, लामज, उचाट, वाघावळे अशी कांदाटी खोऱ्यातली गावं आहेत. गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत विखुरलेली घरं, एक देऊळ, एक शाळा. बोटीतून नीट बघा, कितीतरी दारांना कुलूप दिसेल. घरटी एकतरी माणूस मुंबई-नवी मुंबईत. माझे वडील त्यांतलेच, बाजारात माथाडी. जावळी-महाबळेश्वरच्या किती पिढ्यांनी गोण्या वाहिल्या, आणि 1969 चा माथाडी कायदा त्यांच्या किती कामाला आला, हे कोपरखैरणेतल्या आमच्या आळीत कुणालाही विचारा. जत्रेला आणि मे महिन्यात हीच गावं गच्च भरतात. एरवी म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. या भागात लोकसंख्या किती, हा प्रश्न कोणत्या महिन्यात विचारता त्यावर उत्तर ठरतं.

आणि त्या माणसांसाठी हे पाणी म्हणजे रस्ता आहे. तराफ्यावर जीप, मोटारसायकली, सिमेंटच्या गोण्या, लग्नाचं सामान, सगळं जातं. रात्री कुणी आजारी पडलं तरी वाट पाण्यावरूनच. तुमच्या बोटीला थांबवून आधी तराफा जाऊ दिला तर कुरकुर करू नका.

आता तक्रार. याच जलाशयावर एका खासगी बोटीत मला जाकिटं बाकाखाली दोरीने बांधून ठेवलेली दिसली. मागितल्यावर "पाणी शांत आहे" असं उत्तर आलं. हे अजिबात चालणार नाही. जाकीट अंगावर चढल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, मुलांच्या मापाचं नसेल तर फेरी सोडून द्या. दुसरं, धक्क्यावर या खोऱ्याची चार ओळींची माहितीही लावलेली नाही. कोणती गावं पाण्याखाली गेली, त्यांची नावं तरी पाटीवर हवीत. ही मागणी मी मनापासून करते आहे.

जेवण आधी सांगून ठेवा. घरगुती ठिकाणी नाचणीची भाकरी, पिठलं आणि तलावातला ताजा मासा मिळतो, पण सांगितल्यावरच चूल पेटते. मुक्काम केलात तर सकाळची पहिली बोट धरा, वारा नसतो.

पावसाळ्यात मोठी फेरी बऱ्याचदा बंद असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणी भरपूर असतं. मे महिन्यात जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून पाणी कुठवर मागे गेलंय ते विचारा, कारण तेव्हा धक्क्यापासून बोटीपर्यंत चिखलातून चालावं लागतं आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर ते जमत नाही.