बँक निफ्टी आधी हलतो, पण सौदा कुठे करावा?

बँक निफ्टी (बँकांच्या शेअरांचा निर्देशांक) आधी हलतो आणि निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मागून येतो, हे इंट्राडे (त्याच दिवशी सुरू करून त्याच दिवशी संपवायचे सौदे) करणाऱ्या कुणाकडूनही ऐकायला मिळतं. त्याच भरवशावर मी जवळपास दोन वर्षं बँक निफ्टीचं फ्युचर (पुढच्या ठरलेल्या तारखेचा करार) केलं. आता सौदा निफ्टीत करतो, बँक निफ्टीचा चार्ट शेजारी उघडा असतो.

आधी त्या ‘आधी’चं बघू. एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक दोन्ही निर्देशांकांत आहेत. बँक निफ्टी मोजक्या बँकांचा, त्यामुळे तिथे त्यांचं वजन जबरदस्त. निफ्टीत ते ५० शेअरांमध्ये विरतं. बातमी दोन्हीकडे एकदमच पोचते, धक्का कमी-जास्त बसतो. १७ जानेवारी २०२४ आठवा. तिमाही निकालानंतर एचडीएफसी बँक ८ टक्क्यांहून जास्त पडली, तेव्हा बँक निफ्टी ४ टक्क्यांच्या वर घसरला आणि निफ्टी २ टक्क्यांच्या थोडा वर. असा दिवस पाहिला की बँकाच बाजार ओढतात यावर विश्वास बसतो.

पण १७ एप्रिल २०२३ ला इन्फोसिस ९ टक्क्यांच्या आसपास कोसळला. निफ्टी खाली बंद झाला आणि बँक निफ्टी किंचित वर. त्या दिवशी बँक निफ्टीकडे बघून निफ्टी घेणाऱ्याला काय मिळालं असेल?

मला स्वतःला उलगडा झाला तो दोन्ही फ्युचर बाजार उघडल्यापासून, म्हणजे सव्वानऊपासून, टक्केवारीत एकाच चार्टवर टाकल्यावर. बँक निफ्टी दिवसाचा हाय (तोवरचा सर्वात वरचा भाव) बऱ्याचदा आधी तोडायचा, पण वळायचे मात्र दोघं बहुधा एकाच मिनिटाला. त्याची उडी मोठी, म्हणून पातळी आधी ओलांडली जाते. आपण त्यालाच पुढाकार समजतो. (तुलना करताना फ्युचरसमोर फ्युचरच ठेवा, तेही एकाच महिन्याचं. एकाचा स्पॉट, म्हणजे निर्देशांकाचा चालू आकडा, आणि दुसऱ्याचं फ्युचर घेतलं तर भलताच पुढे दिसतो.)

तरीही सौदा बदलायला लावला तो स्टॉपलॉसने (तोटा ठरलेल्या भावाला थांबवणारी ऑर्डर). बँक निफ्टी हाय तोडायचा, मी घ्यायचो, पुढच्याच कँडलची (चार्टवरच्या पट्टीची) शेपटी, म्हणजे खालची बारीक रेघ, खाली येऊन स्टॉप उडवायची आणि मग भाव मी म्हटलं होतं त्याच दिशेने निघून जायचा. दिशा बरोबर, हातात तोटा. एखाद्या दिवशी झालं तर सोडून देता येतं. माझ्या वहीत एका आठवड्यात तीन-तीनदा हीच नोंद असायची. स्टॉप लांब ठेवून पाहिला, तर एका लॉटची (सौद्याच्या सर्वात लहान मापाची) जोखीमही माझ्या भांडवलाला झेपेना. जवळ ठेवला की पुन्हा शेपटी. निफ्टीतही फसवे ब्रेकआउट (हाय तोडून लगेच परत फिरणं) होतात, पण तिथे स्टॉप माणसाला परवडेल अशा अंतरावर टिकतो, असा माझा अनुभव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन (दर आठवड्याला मुदत संपणारे करार) बंद झाल्यावर तर सकाळची लगबग निफ्टीकडेच जास्त जाणवते. तुमच्या वहीत वेगळं दिसलं तर तुमची वही खरी.

गिफ्ट निफ्टीबद्दल (गुजरातच्या गिफ्ट सिटीत चालणारं निफ्टीचं फ्युचर) थोडक्यात. बाजार उघडताना गॅप (कालच्या बंद भावापासूनचं अंतर) किती असेल याचा अंदाज तो चांगला देतो. सव्वानऊनंतर मी त्याच्याकडे बघत नाही.

बँक निफ्टी करूच नये असं मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला येतं त्या दिवशी, किंवा मोठ्या बँकेच्या निकालानंतरच्या सत्रात, खरी हालचाल तिथेच असते. भांडवल पुरेसं असेल आणि स्टॉप लांब ठेवून शांत बसता येत असेल, तर तेव्हा तोच निवडा. एरवीच्या दिवसांसाठी माझा कल निफ्टीकडे आहे.

निफ्टीने हाय तोडला आणि बँक निफ्टी सकाळच्या ओपनच्या वर असेल तर मी सौदा घेतो. तो ओपनच्या खाली असेल तर आधी रिलायन्स आणि आयटी शेअर बघतो. तेही चालत नसतील तर तो ब्रेकआउट सोडून देतो.