मागे किती रीडिंग्ज येतील ठाऊक नाही: सी स्ट्रक्टची शेपटी डिक्लेअर करण्याचे पर्याय

गोव्यातल्या दिवाडी किंवा चोडणसारख्या बेटावर, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावर मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ) पाण्याची पातळी मोजणारा एक छोटा नोड बसवायचा आहे असं धरा. भरती-ओहोटीची पातळी तो ठरावीक वेळाने टिपतो आणि लोराने (कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओने) गेटवेकडे, म्हणजे संदेश गोळा करणाऱ्या लिनक्स यंत्राकडे, पाठवतो. जोडणी नीट असेल तर एका संदेशात दोन-तीन रीडिंग्ज जातात. पावसात जोडणी तुटली, तर साठलेली सगळी एकदम जातात. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नुकत्याच फर्मवेअरच्या कामाला लागलेल्या कुणालाही इथे पहिला प्रश्न पडतो तो हाच: ही कमी-जास्त होणारी शेपटी स्ट्रक्टमध्ये लिहायची कशी?

संदेश साधाच ठेवू. पहिले ४ बाइट वेळ, पुढचे २ बाइट रीडिंग्जची संख्या आणि मग प्रत्येकी २ बाइटची रीडिंग्ज. म्हणजे हवेतून जाणारी लांबी ६ अधिक रीडिंग्जची दुप्पट. १० रीडिंग्ज असतील तर २६ बाइट. हा २६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

[१] आणि [०]

सी-८९ मध्ये अ‍ॅरेला निदान एक घटक असावाच लागे. म्हणून लोक स्ट्रक्टच्या शेवटी [१] लिहीत आणि मेमरी मागताना जास्तीची मागून घेत. लिनक्सच्या सार्वजनिक हेडर फाइलमधलं मल्टिकास्टचं आयपी_एमएसफिल्टर स्ट्रक्ट असंच आहे: शेवटी पत्त्यांचा एक घटकाचा अ‍ॅरे आणि आकार काढणाऱ्या मॅक्रोत तो एक घटक वजा करण्याची कसरत. ही वजाबाकी एका ठिकाणी जरी विसरली, तरी हिशेब एका घटकाने चुकतो.

जीसीसी या कंपायलरने विस्तार म्हणून [०] चालवून घेतलं. वजाबाकी गेली, पण नवी अडचण आली. अशा अ‍ॅरेचं साइझऑफ (बाइटमधला आकार) विचारलं तर कंपायलर बिनतक्रार ० सांगतो. मेमसेटने तो अ‍ॅरे पुसायला गेलात तर एकही बाइट पुसला जात नाही, आणि कुठे इशाराही येत नाही.

दोन्हींबद्दल माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. शेवटचा [१] म्हणजे खरोखर एकच घटक की कितीही, हे कंपायलरला कळायला मार्ग नसतो. म्हणून जीसीसी मूळ सेटिंगमध्ये स्ट्रक्टच्या शेवटी असलेला कुठलाही अ‍ॅरे, अगदी [१६] सुद्धा, वाढू शकणारा मानतो. त्यामुळे ज्यांचे अ‍ॅरे खरोखर १६ घटकांचे आहेत, त्यांनाही मर्यादेची तपासणी मिळत नाही. जीसीसी १३ आणि क्लँग १६ पासून -एफस्ट्रिक्ट-फ्लेक्स-अ‍ॅरेज हा पर्याय आला. त्याची पातळी ३ ठेवली की फक्त मोकळ्या कंसाचा अ‍ॅरे वाढता धरला जातो. लिनक्स कर्नलने [०] आणि [१] या दोन्ही पद्धती कालबाह्य ठरवल्या आणि हजारो फायलींच्या त्या पसाऱ्यात त्या बदलण्याचं चिकाटीचं काम काही वर्षं चाललं. नव्या कोडमध्ये या दोन्हींना जागा नाही.

मोकळा कंस []

सी-९९ ने यालाच फ्लेक्सिबल अ‍ॅरे मेंबर म्हणून अधिकृत केलं. अट अशी की तो शेवटचाच मेंबर हवा आणि त्याच्याआधी निदान एक नाव असलेला मेंबर हवा. असं स्ट्रक्ट दुसऱ्या स्ट्रक्टच्या मधे घालता येत नाही, त्याचा अ‍ॅरेही करता येत नाही. त्या अ‍ॅरेचं साइझऑफ विचारलं तर कंपायलर सरळ एरर देतो. मला ही एरर फार मोलाची वाटते, कारण चूक टेबलावरच सापडते, बांधावर चिखलात उभं राहून शोधावी लागत नाही.

एकाच मॅलॉकमध्ये हेडर (वेळ आणि संख्या हा सुरुवातीचा भाग) आणि रीडिंग्ज सलग बसतात, एकाच फ्रीने सुटतात, एकाच सेंडने जातात. गेटवेच्या आतल्या कामासाठी मी हाच पर्याय निवडेन.

पण साइझऑफचा सापळा नीट समजून घ्या. आपल्या स्ट्रक्टमध्ये ४ बाइटची वेळ आहे, म्हणून लिनक्सवर पूर्ण स्ट्रक्टचं अलाइनमेंट ४ ठरतं, म्हणजे त्याचा आकार ४ च्या पटीत ठेवावा लागतो. मेंबर भरतात ६ बाइट, पण साइझऑफ सांगतं ८. रीडिंग्ज मात्र सहाव्या ऑफसेटपासूनच सुरू होतात. शेवटचे २ बाइट पॅडिंगचे (भरावाचे) आणि अ‍ॅरेची सुरुवात त्याच जागेवर. आता 'साइझऑफ अधिक रीडिंग्जची दुप्पट' असा हिशेब केला तर १० रीडिंग्जसाठी उत्तर येतं २८. मेमरी मागताना हे २ बाइट जास्त झाले तर काही बिघडत नाही. पाठवताना तीच लांबी दिली, तर शेवटी २ बाइट कचरा जातो. वाचताना उलटं होतं: 'आलेले बाइट साइझऑफपेक्षा कमी असतील तर फेकून द्या' अशी तपासणी केली, की एकही रीडिंग नसलेला ६ बाइटचा रास्त संदेश फेकला जातो.

गंमत अशी की [१] लिहिलं असतं तरी साइझऑफ ८ च आलं असतं आणि एक घटक वजा करून २६ हे बरोबर उत्तर मिळालं असतं. म्हणून जुना कोड मोकळ्या कंसावर आणताना '−१' काढून टाकलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. त्यात नोडमधलं एव्हीआर वेगळंच वागतं. त्या ८-बिट चिपवर अलाइनमेंट १ असतं, पॅडिंग येत नाही, म्हणून तिथे साइझऑफ ६ येतं आणि तोच हिशेब अचूक ठरतो. एकच हेडर फाइल नोडवर २६ सांगते आणि गेटवेवर २८. नोडवर कितीही चाचण्या घेतल्या तरी ही चूक दिसणार नाही. उपाय एकच: लांबी ऑफसेटऑफने (रीडिंग्ज कितव्या बाइटपासून सुरू होतात ते सांगणाऱ्या मॅक्रोने) काढा. त्याचं उत्तर दोन्हीकडे ६ येतं. पॅडिंग काढून टाकणाऱ्या पॅक्ड अ‍ॅट्रिब्यूटनेही आकडा जुळतो, पण मग आतल्या मेंबरचा पत्ता पॉइंटरमध्ये घेताना अलाइनमेंटचा धोका मागे लागतो.

आणखी एक. '*अ = *ब' अशी स्ट्रक्टची नक्कल केली तर शेपटीतली रीडिंग्ज नकलेत येतील असं धरू नका. तिथे मेमकॉपीच हवी, तीही मोजून काढलेल्या लांबीची.

जीसीसी १५ मध्ये काउंटेड_बाय हे अ‍ॅट्रिब्यूट आलं. अ‍ॅरेत किती घटक आहेत ते कोणत्या मेंबरमध्ये लिहिलंय, हे त्याने कंपायलरला सांगता येतं आणि धावताना मर्यादा तपासता येते. मात्र तो मेंबर यजमान यंत्राच्या बाइट-क्रमातच हवा. नेटवर्क-क्रमातला (मोठा बाइट आधी) १० लिटल-एंडियन (लहान बाइट आधी) यंत्र २५६० म्हणून वाचतं. तेव्हा हे अ‍ॅट्रिब्यूट तारेवरच्या, म्हणजे पाठवायच्या संदेशाच्या, स्ट्रक्टला लावू नका. एनटीओएचएस करून (नेटवर्क-क्रम यजमान-क्रमात बदलून) भरलेल्या आतल्या स्ट्रक्टला लावा.

पॉइंटर

हेडरमध्ये पॉइंटर आणि रीडिंग्ज दुसरीकडे, ही रचना संदेश म्हणून जशीच्या तशी पाठवली तर रीडिंग्जऐवजी मेमरीचा पत्ता जातो. पत्ता बाहेर फुटणं हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. पण रीडिंग्ज येत जातील तशी यादी वाढवायची असेल आणि हेडरकडे इतरांनी पॉइंटर धरून ठेवले असतील, तर हाच पर्याय बरा. मोकळ्या कंसात रीअ‍ॅलॉक केलं की हेडरसुद्धा हलू शकतं. पाठवताना सेंडएमएसजीला दोन तुकड्यांचं आयओव्हेक (तुकड्यांचे पत्ते आणि लांब्या यांची यादी) दिलं की सलग नक्कल करावी लागत नाही.

नोडवर ठरावीक कमाल

नोडसाठी माझं मत वेगळं आहे. एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपमध्ये २ केबी रॅम असते, तिथे मॅलॉकच्या वाटेला जाऊ नये. लोराच्या एका पॅकेटात जास्तीत जास्त २५५ बाइट मावतात. ६ वजा करून निम्मे केले की १२४ रीडिंग्ज. सरळ [१२४] चा एक स्टॅटिक अ‍ॅरे ठेवा आणि पाठवताना भरलेलाच भाग पाठवा. मेमरी किती लागेल ते कंपाइल करतानाच कळतं.

नेटवर्कवरून आलेल्या आकड्यावरून फंक्शनमध्ये स्थानिक अ‍ॅरे घेण्याचा मोह मात्र कुठेच नको. समोरच्याने मोठा आकडा पाठवला की स्टॅक संपतो. कर्नलमधून असे अ‍ॅरे २०१८ मध्येच काढले गेले.

वाचताना

डिक्लेरेशन कितीही नेटकं असलं, तरी समोरच्याने सांगितलेली लांबी ते तपासत नाही. २०१४ चं हार्टब्लीड (ओपनएसएसएलमधली गाजलेली त्रुटी) याच जागी घडलं: संदेशात लिहिलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या बाइटशी ताडून पाहिली नव्हती आणि एका विनंतीत ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जात होती. गेटवेवर आधी आलेले बाइट ६ पेक्षा कमी नाहीत ना ते पाहा. मग त्यांतून ६ वजा करून २ ने भागा आणि सांगितलेली संख्या त्याहून मोठी नाही ना ते पाहा. गुणाकारापेक्षा भागाकार बरा, त्यात ओव्हरफ्लोची भीती नाही.

आलेल्या बफरवर स्ट्रक्टचा पॉइंटर कास्ट करून वाचू नका. कॉर्टेक्स-एम० या छोट्या प्रोसेसरला विषम पत्त्यावरचं २ बाइटचं वाचन चालत नाही, तिथे सरळ फॉल्ट येतो. बाइट-बाइट वाचून आतलं स्ट्रक्ट भरावं. पुढे खारेपणा, बॅटरी असे वेगवेगळ्या प्रकारचे तुकडे एकाच संदेशात येणार असतील, तर शेपटी डिक्लेअरच करू नका. लिनक्स कर्नलशी संदेशांची देवघेव करणाऱ्या नेटलिंकमध्ये तेच केलंय: ४ बाइटचं छोटं हेडर, त्यात लांबी आणि प्रकार, आणि पुढचा तुकडा ४ च्या पटीत सरकून शोधायचा.

जुनं हेडर बदलता येत नसेल तर

दुसऱ्या टीम [१] असलेलं तुमचं हेडर आधीच वापरत असतील, तर आयपी_एमएसफिल्टरला जे केलं तेच करा: युनियनमध्ये जुन्या [१] शेजारी मोकळ्या कंसाचा नवा मेंबर ठेवा. साइझऑफ बदलत नाही, जुना कोड तसाच कंपाइल होतो आणि नवा कोड नव्या नावाने लिहिता येतो. हात लावण्याआधी सी-११ चं स्टॅटिक असर्ट घालून रीडिंग्जचा ऑफसेट ६ आहे हे पक्कं करा, आणि ती ओळ नोड व गेटवे दोन्हींच्या बिल्डमध्ये राहू द्या.