कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं मेडिकल: आधी विचारतात, मग देतात

गुऱ्हाळं पेटली की माझ्या शिंका सुरू. त्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा ताल आधीच बिघडलेला. मागं दुसऱ्या एका दुकानानं न विचारता सर्दीची गोळी दिली, त्यात फिनाइलेफ्रिन निघालं, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवून नाक मोकळं करणारं औषध. रात्रभर धडधड!

मी खाजेसाठी जुनी हायड्रॉक्सिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) मागताच इथल्या ताईंनी पट्टी परत कपाटात ठेवली. "काका, हिनं ईसीजीतला क्यूटी, म्हणजे एका ठोक्यात हृदयातला विजेचा आवेग सुरू होऊन शमायचा वेळ, लांबतो, ताल आणखी बिघडू शकतो. हृदयाच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" चिठ्ठी वाचली, माझ्या डॉक्टरांना फोन लावला, मग फेक्सोफेनाडीन ही अ‍ॅलर्जीची दुसरी गोळी दिली. वर बजावलं, "पाण्याबरोबरच घ्या, संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर नको, गुण कमी येतो." झोपही येत नाही, दुपारचा पेपर वाचून होतो.

संध्याकाळी मात्र गर्दी लई, आणि गाडी लावायला जागा शोधून दाखवाच.