ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांना वीज कोठून द्यावी : प्लाऊ लॅम्पच्या वायरमधून, की बॅटरीपासून स्वतंत्र लाइन ओढून?

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात आमची भातशेती आहे आणि तेथे ट्रॅक्टरचे रात्रीचे काम वर्षातून दोनदाच निघते : आवणीच्या (भाताच्या लावणीच्या) आधीची चिखलणी आणि दिवाळीच्या पुढेमागे खळ्यावरची मळणी. दोन्ही कामांत लक्ष ट्रॅक्टरच्या मागे ठेवावे लागते आणि कंपनीने मडगार्डवर दिलेला एकुलता एक प्लाऊ लॅम्प, म्हणजे मागे उजेड टाकणारा कामाचा दिवा, त्याला पुरत नाही, हे ज्यांनी अंधारात खाचराच्या कोपऱ्यात रोटाव्हेटर वळवला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मागे दोन दिवे वाढवायचे ठरले की दिवे कोणते घ्यावेत याची चर्चा पुष्कळ होते, पण त्यांना वीज कोठून द्यायची हे बहुधा वायरमनवर सोडले जाते. मी पहिले तीन हंगाम प्लाऊ लॅम्पच्या वायरला जोड देऊन काढले आणि त्यानंतर बॅटरीपासून फ्यूज व रिलेसह (रिले म्हणजे लहान स्विचच्या थोड्या विजेवर दिव्यांची मोठी वीज चालू-बंद करणारा भाग) स्वतंत्र लाइन ओढली. दोन्हींचा अनुभव असल्यामुळे, ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

प्लाऊ लॅम्पच्या वायरला जोड देण्याची पद्धत वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. काम अर्ध्या तासात होते, वायर मागच्या मडगार्डपर्यंत आधीच आलेली असते आणि मुख्य लाइट स्विच बंद केला की मागचे दिवेही बंद होतात, त्यामुळे रात्री विसरून सकाळी बॅटरी उतरलेली सापडण्याचा प्रश्न सहसा येत नाही. शिवाय दिवे १८ वॅटचे एलईडी असतील तर दोन्ही मिळून तीन अँपिअरच्या आसपासच ओढतात. मूळ बल्ब काढून त्याच्या जागी हे बसवले तर जुन्या वायरवर फारसा बोजाही वाढत नाही.

आमचे दिवे मात्र ५५ वॅटचे हॅलोजन होते. दोन दिव्यांचे मिळून नऊ अँपिअर, तेही एका दिव्याच्या हिशोबाने दिलेल्या बारीक वायरमधून आणि हेडलाइटचा भार आधीच वाहणाऱ्या स्विचमधून जात होते. तासाभराने स्विचची मूठ हाताला कोमट लागे आणि उजेड पिवळट दिसे. व्होल्टेज एका व्होल्टने उतरले तरी हॅलोजनचा उजेड सुमारे पाव हिश्शाने घटतो. मी मीटर लावून काही मोजले नाही, पण बॅटरीला थेट वायर टेकवून तोच दिवा लावून पाहिला तेव्हा फरक डोळ्यांना स्पष्ट कळला. तरीही एवढ्यावरून मी पद्धत बदलली नसती, कारण कमी उजेडाची सवय होते.

पद्धत बदलावी लागली ती दुसऱ्याच कारणाने. आमच्या ट्रॅक्टरमध्ये पुढचे-मागचे सगळे दिवे एकाच फ्यूजवर होते. तिसऱ्या हंगामात मळणी चालू असताना उजव्या दिव्याची वायर मडगार्डच्या कडेला घासून उघडी पडली, पत्र्याला टेकली आणि फ्यूज उडाला. मागचे दोन्ही दिवे, हेडलाइट आणि डॅशबोर्डचा उजेड एका क्षणात गेला. आमच्यासारख्या साध्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी विजेची गरज नसते, त्यामुळे दिवे गेले तरी पीटीओ (मागच्या यंत्राला फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या वेगाने फिरतच राहिला आणि काळोखात मळणी यंत्र तसेच घरघरत होते. त्या वेळी वहिनी यंत्राच्या तोंडाशी भारे सोडत होत्या. त्या हात मागे घेऊन जागच्या जागी थांबल्या आणि दादांनी चाचपडत इंजिन बंद करण्याची स्टॉपची मूठ ओढली. कोणाला काही इजा झाली नाही, पण मागच्या एका दिव्यातील बिघाडाने सगळा ट्रॅक्टर आंधळा व्हावा, ही गोष्ट त्या रात्रीनंतर मला मान्य होईना.

स्वतंत्र लाइनचे खरे मोल मला येथे दिसते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज, तेथून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या (वीज आत येण्याच्या) पिनेला, आणि ८७ क्रमांकाच्या (दिव्यांकडे वीज जाण्याच्या) पिनेतून निघाल्यावर प्रत्येक दिव्याला ७.५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, अशी रचना केली. आता एका दिव्यात बिघाड झाला तर दुसरा चालू राहतो आणि हेडलाइटचा तर या लाइनशी संबंधच नाही. गेल्या वर्षी चिखलणीत डाव्या दिव्याच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून त्याचा फ्यूज गेला, तेव्हा उरलेल्या दिव्यावर आम्ही ते खाचर पूर्ण केले आणि दुरुस्ती सकाळी केली. बॅटरीजवळचा फ्यूज मात्र कोणीही टाळू नये. त्याच्याशिवाय ओढलेली थेट वायर डिझेल टाकीच्या बाजूने जाताना कोठे घासली, तर शॉर्ट सर्किटचा करंट थांबवणारे काहीच उरत नाही.

अर्थिंगच्या बाबतीतही स्वतंत्र लाइन करताना एक चांगली सवय लागते. जुन्या जोडणीत दिव्याचे ऋण टोक मडगार्डच्या बोल्टला लावलेले होते. आमच्याकडच्या पावसात त्या बोल्टखाली दोन वर्षांत गंज धरला आणि दिवा धक्क्यासरशी लुकलुकू लागला. नवीन कामात ऋण वायरही तेवढ्याच जाडीची घेऊन इंजिनाच्या बॉडीवर, रंग खरवडून, घट्ट बसवली. रिले डॅशबोर्डच्या आत, पिना खाली करून लावला म्हणजे धुताना आलेले पाणी त्यात साचत नाही, आणि सगळी वायर फ्लेक्झिबल पाइपमधून नेली. पाऊस सुरू झाला की उंदीर शेडमध्ये येतात आणि त्यांच्यापासून थोडेफार संरक्षण मिळते.

स्वतंत्र लाइनचे तोटेही आहेत. आमचा जवळजवळ पूर्ण दिवस गेला आणि सामान मिळून खर्च पहिल्या पद्धतीच्या कितीतरी पट झाला. दुसरे, स्विचला वीज थेट बॅटरीवरून दिली तर दिवे चुकून चालू राहण्याची शक्यता असते आणि मागचा दिवा उन्हात दिसतही नाही. आमची बॅटरी पहिल्याच वर्षी एकदा अशी उतरली. त्यानंतर स्विचची वीज चावीवरून घेतली. पण आमच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन स्टॉपची मूठ ओढून बंद होते आणि चावी चालूच राहू शकते, म्हणून स्विचशेजारी एक लहान लाल इंडिकेटरही बसवला. तो आल्यापासून बॅटरी पुन्हा उतरलेली नाही.

रस्त्यावर मात्र दोन्ही पद्धतींत मागचे दिवे बंदच हवेत. शेतातून कल्याण–मुरबाड रस्त्याला लागल्यावर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांवर पांढरा झोत गेला तर त्याला ट्रॉलीची कड दिसणार नाही. जुन्या जोडणीत हेडलाइट लावला की प्लाऊ लॅम्पचे बटण आधीच चालू असल्यास मागचे दिवेही पेटत, आणि ते खाली उतरून पाहिल्याशिवाय लक्षात येत नसे.

पुढे हॅलोजन काढून एलईडी लावले ते उजेडासाठी नव्हे. हॅलोजनची काच चांगलीच तापते आणि खळ्यावर पेंढ्याचा भुसा तिच्यावर बसत राहतो, हे मला बरे वाटत नव्हते. धुळीत हॅलोजनचा पिवळा उजेड मला अजूनही डोळ्यांना सौम्य वाटतो, हेही प्रांजळपणे नोंदवतो.

ज्यांचा ट्रॅक्टर रात्री क्वचितच चालतो आणि ज्यांना दोन लहान एलईडीच हवेत, त्यांनी स्वतंत्र लाइनचा खटाटोप करावाच असा माझा आग्रह नाही. मात्र पीटीओवर यंत्र जोडून माणसे मागे काम करणार असतील, तर मी स्वतः पहिल्या पद्धतीकडे परत जाणार नाही. ज्यांना तरीही प्लाऊ लॅम्पचीच वायर वापरायची आहे, त्यांनी निदान जोड दिल्या ठिकाणी नव्या दिव्यांसाठी मूळ फ्यूजच्या निम्म्या अँपिअरचा वेगळा फ्यूज घालावा. मागे काही बिघडले तर बहुतेक वेळा तो आधी उडेल आणि हेडलाइट शाबूत राहतील. लाइट स्विचवरचा भार मात्र त्याने कमी होणार नाही, तेव्हा दिवे एलईडीच घ्यावेत.