बाबांचं कानाचं मशीन, ३ महिने वापरून
बाबांचं एकच पालुपद, ऐकू येतं पण कळत नाही. आम्हाला वाटायचं मुद्दाम करतात! क्लिनिकमध्ये साउंडप्रूफ खोलीत २५० ते ८००० हर्ट्झची टेस्ट झाली तेव्हा कळलं, की वयामुळे आधी वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे उंच पट्टीचे बारीक आवाज, ऐकू येणं जातं, आणि स, श, फ तिथलेच, म्हणून आवाज पोचतो पण शब्द अर्धेच. ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या) मॅडमनी स्वतःचं तोंड झाकून मराठी शब्द म्हटले आणि बाबांना परत म्हणायला लावले, कारण एरवी ओठ बघून बाबा बरंच ओळखत होते म्हणे. मशीन घरात मस्त, टीव्हीचा आवाज निम्म्यावर आलाय, पण लग्नाच्या हॉलमध्ये गोंगाटात अजून गडबडच होते. सेटिंगसाठी दोनदा हेलपाटा पडला, रिसेप्शनवालीला वेळेचं काही सोयरसुतक नाही.